रबर नसलेल्या बरण्या

झाकण उचलून मी बरणीत हात घातला, तर बोटांना डाळीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी लागली. शेजारची बरणी उघडली. तिच्यातही पिशवी, वर गाठ मारलेली. मी झाकणे परत ठेवली, हात पुसले आणि हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव आणण्याइतके या घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. न्यायालयात लेखनिक असताना मी इतरांची मृत्युपत्रे नकलून दिली. त्यांतली गुळमुळीत भाषा येथे नको. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. घराचा वरचा मजला मुलाला. तळमजल्यावरील स्वयंपाकघर, कोठीची खोली व तिच्यामागची खोली माझ्या धाकट्या बहिणीला, पूर्ण मालकी हक्काने. कारण नोंदवतो. गेल्या रविवारी जेवताना मुलाने जाहीर केले की माझ्या पश्चात तळमजल्यावर सुनेची ‘प्लॅस्टिकमुक्त स्वयंपाकघरा’ची शिबिरे कायमची भरतील. आत्या कुठे जाईल, असे मी विचारले. सून म्हणाली, "आत्यांचं काय, त्या चार माणसांत रमतात. आश्रमात छान होईल त्यांचं."

बहीण समोरच बसली होती. तिने दोघांच्या ताटात भाजी घातली. माझी बायको गेल्यावर या मुलाला हिनेच लहानाचा मोठा केला. त्याला ते आठवत असेल, तर त्याने तसे दिसू दिले नाही.

दोन. काचेच्या सर्व बरण्या बहिणीला. त्यांच्या झाकणाला रबर बसते, म्हणून आत हवा जात नाही. बहीण त्यांत डाळी, सुके जर्दाळू, मिठातली लिंबे भरते. सुनेने सगळी रबरे उपटून कचऱ्यात टाकली. "तेही प्लॅस्टिकच हो, बाबा." हे रबर झाडाच्या चिकापासून होते, असे मी सांगितले. तिने माझ्याकडे दयेने पाहिले. पुढे लिंबांवर बुरशी आली आणि डाळीत किडे झाले. मग तिने नवी डाळ पिशव्यांत बांधून बरण्यांत लपवली. शिबिराला आलेल्या बायकांना ती बरण्यांची ही फळी दाखवते आणि सांगते की आमच्याकडे प्लॅस्टिकला उंबरठा ओलांडता येत नाही. मुलगा फोटो काढतो. पिशव्याही तोच आणतो.

तीन. मेण लावलेली कापडे सुनेला. अन्न झाकायला ती उत्तम आहेत, पण गरम पाण्यात धुवू नयेत. तिने धुतली. मेण मोरीच्या नळीत गोठले आणि नळवाल्याला बोलवावे लागले. मृत्युपत्रात हे लिहावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

चार. बँकेतील ठेव मुलगा व बहीण यांना निम्मी-निम्मी. मुलाने वाद घातल्यास सगळी बहिणीला. तो वाद घालील.

पाच. बायकोच्या भावाने माझे स्टीलचे डबे एका लग्नासाठी नेले, ते परत केले नाहीत. झाकणे माझ्याकडेच राहिली. ती त्याला द्यावीत. इतकी वर्षे उघड्या डब्यांत तो काय ठेवतो, हे विचारू नये.

सहा. मी गेल्यावर सुनेने शिबिरात माझा दाखला देऊ नये. मी पृथ्वीसाठी काही केलेले नाही. घरात काच होती, फुटली नाही, म्हणून वापरली.

एवढे मी बहिणीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा, मला कशाला हे? भांडणं लावून जाशील."

"ती लागलेलीच आहेत."

मग तिने विचारले, "म्हणजे मी नको म्हटलं, तर त्यांना आत येता येणार नाही?"

"नाही."

तिने तेच पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.

तिचा हक्क माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासूनच चालू होतो असे समजून सर्वांनी वागावे, ही माझी इच्छा. कायदा काय म्हणतो ते मला ठाऊक आहे.

साक्षीदार: समोरच्या दुकानातील शिंपी (सही). मागच्या गल्लीतील निवृत्त परिचारिका (सही). दोघांनी चहा घेतला, मत दिले नाही.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही.
स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: मुद्रांकावर आहे तोच.

टीप. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी करून मी परतलो, तेव्हा शिबिराच्या बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि सून स्वयंपाकघराचे दार वाजवत होती. मुलाने विचारले, आत्याला झालंय तरी काय. मी दार वाजवले. बहिणीने आतून विचारले, कोण. मी सांगितले. तरी कडी काढायला तिने बराच वेळ लावला.