राखेतली नागली

५ फेब्रु. २००९
टीव्हीवर मंदी. अमेरिकेतल्या बँका बुडताहेत, इकडे सातपूरला शिफ्ट कमी. ध्रुवावरचा बर्फही वितळतोय म्हणे. जग एकदाचं संपलं तर सुटू, हे असं रोज थोडं थोडं... ऑफिसात बोललो. साहेब म्हणाले, आधी इन्क्रिमेंट तर होऊ दे.

१४ फेब्रु.
हरसूलहून बाबा आले. आई-बाबा दिंडोरीला द्राक्षांच्या कामावर चाललेत, गावचं घर बंद. नागलीच्या बियाण्याचं गाठोडं ठेवून गेले. आजोबांपासूनचं गरवं, उशिरा पिकणारं बी. गावानं पाकिटातलं धरलं, हे आता फक्त आमच्याकडे. उंदरांपासून जप म्हणाले. माळ्यावर टाकलं. सुनंदा माहेरी.

३ मार्च
वाचनालयात दिवसभर. तेल, पाणी, धान्य, सगळंच संपणार. सु.ला समजावत बसलो. म्हणाली, "ते संपेल तेव्हा संपेल. सिलिंडर आज संपलाय." लोकांना काही पडलेलीच नाही.

२५ मार्च
जेवायला नागलीची भाकरी. इतकी गोड की पीठ कुठलं विचारलं.
"माळ्यावरची नागली. पाडव्यासाठी आवरताना सापडली. राखेनं नुसती माखलेली होती, तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, गिरणीत दिली."
बाबा नेहमी खायला आणतात तीच तिला वाटली. बी राखेत ठेवतात, हे नाशिकच्या पोरीला कुठून माहीत. मी बोललोच नव्हतो. जगबुडीवर तासभर बोललो, गाठोड्याबद्दल एक शब्द नाही. तोंडातला घास गिळला. लाज वाटते.

१० मे
बाबा बी न्यायला आले. गावी राब, रोपं टाकायची जागा, भाजून तयार. सु.नं स्वतःच सांगितलं, रडली. तिला म्हणाले, "रडू नको बाई. खायचीच वस्तू हाय ती." मग माझ्याकडे न बघता, "आमच्यानं होईल तवर पेरली असती. पुढं पेरणार कोण होतं?"
बातम्या चालू होत्या. चहा घेऊन ते स्टँडवर गेले. वाटेत पाकिटातलं बी घेणार होते.

१४ जून
पाऊस नाही. गावाकडून फोन नाही, मीही केला नाही. वाचनालयात जाणं बंद केलंय, ध्रुवाचं काय व्हायचं ते होवो.
डब्यात पीठ उरलंय. सु. भाकऱ्या करत नाही, मी कर म्हणत नाही. आज झाकण काढलं तर पोरकिडे झालेले. चाळू की टाकून देऊ, विचारत होती.
सांगतो म्हणालो.