देवाचा आड

श्रावण शु. १, बुधवार

स्वारी आली ती कोटाला नवी भोकं पाडून. ब्लीचिंग पावडर जिथे उडेल तिथलं कापड खाते मेली. कोट धुवायला घेतला तर सगळी न्हाणी इस्पितळासारखी घमघमली. गिरणीमागच्या चाळीत पटकी लागली आहे, जुलाब-वांत्यांनी माणसं आडवी झालीत. आमच्या पेठेतल्या झाडून सगळ्या आडांत पावडर टाकायचा हुकूम आलाय, आणि टाकणारे सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे आमचेच हे. सुरुवात स्वतःच्या परसातून केली.

कमळ पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा लागलाय. तिला तो वास मुळीच सोसत नाही. तांब्या तोंडाशी नेते, नाक मुरडते, खाली ठेवते. "आई, गाळलं तरी येतोच गं." येऊ दे म्हटलं. नाक मुरड, पण पी.

शु. २, गुरुवार

पेठेत शिमगा. यांनी बादलीत पावडर कालवून निवळी आडात सोडायला घेतली आणि शेजारची नरसम्मा आडवी आली. साड्या विणणाऱ्यांचं घर तिचं, पावडर तिला चांगली ठाऊक. "अक्का, सुताचा रंग उतरवतो आम्ही ह्याच्यानं. पक्का लाल पांढरा होतोय. मग आतड्याचं काय होतंय सांग की." यांनी सगळ्यांदेखत त्याच आडाचं तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं. पिऊन झाल्यावर एवढी मोठी ढेकर दिली की बायका हसल्या आणि भांडण मोडलं.

नरसम्मा मात्र हटून बसली. आता तिचा जावई लांबच्या मळ्यातून घागरी आणणार म्हणे. आणू दे.

शु. ३, शुक्रवार

आज महादेवाच्या देवळातला आड. मल्लाप्पा गुरव काठावर आडवा झोपला. अक्षरशः. "देवाचा आड हाय साहेब. पिंडीवर त्यो वास चालंल व्हय? आन् हे पाणी कोण पितंय? पिंडीवर पडतंय, गोमुखातून जातंय."

माणसं जमली, आवाज चढले. शेवटी तडजोड झाली. देवाचा आड सोडायचा, बाकी सगळे आड पेठेने मुकाट्याने द्यायचे. पोहरा-दोर गुरवाच्या ताब्यात, म्हणजे प्यायला कुणी शेंदायचं नाही. हे घरी आले ते खुशीत. "एक आड दिला आणि सगळी पेठ मिळाली." सासूबाईंनी तोंडात गूळ घातला. मलाही बरं वाटलं. बारा घरांशी भांडून आलेला नवरा जेवायला बसला की पानात काय वाढलंय तेही बघत नाही. आज दोनदा आमटी मागितली.

शु. ५, रविवार. नागपंचमी

सकाळपासून धो धो. देवळामागची गटार तुंबून तिथल्या अंगणभर, आडाच्या काठापर्यंत पाणी. फेर धरायला गेलेल्या पोरी गुडघाभर चिखल घेऊन आल्या. कमळला झोक्यावर बसायचं होतं, मी डोळे वटारले.

मल्लाप्पाची बायको गंगव्वा सांगत होती, देवाचा आड एवढा वर आलाय की वाकून कळशी भरावी. "लई गोड पाणी यव्वा. महादेवानं दिलंय." पाणी जरा गढूळ आहे म्हणाली, पण ते श्रावणात असायचंच.

शु. ६, सोमवार

पहिला सोमवार. कमळचा उपास. मी रागावले, आठव्यात कसले उपास? निदान पाणी तरी पी. तर म्हणे संध्याकाळपर्यंत पाणीही नाही. (पावडरीचं टळतं ना, खरं कारण तेच.) सा. बा. तिच्या बाजूने. देवळात घेऊन गेल्या, अभिषेक झाला, तांब्याभर तीर्थ आणलं. कमळ म्हणाली, "आजी, उपास मोडेल." सा. बा. हसल्या. "तीर्थ म्हणजे का पाणी? घे. आणखी घे, बाळाच्या वाट्याचं." पळी-पळी करत तिने बरंच घेतलं. नाक मुरडलं नाही.

मग येईल त्याला तीर्थ. माझ्या हातून. नरसम्मा आली, ओंजळ करून घेतलं, डोळ्यांना लावलं. "ह्याला वास न्हाय बघ अक्का." सांजेला हे आले, पावडरीचे हात तीन पाण्यांनी धुतले, तेव्हा कुठे तळवा पुढे केला.

मी घ्यायची राहिलेच. आधी हात पिठात, मग धुणं. तांब्या रिकामा झाला.

शु. ८, बुधवार

चाळीतली पटकी ओसरली. हे दुपारी चक्क घोरत पडले.

दिवेलागणीला निरोप आला, गंगव्वाला जुलाब-वांत्या. मी म्हटलं पंचमीची शिळी दिंडं खाल्ली असतील. हे टोपी घालून गेले. परत आले तेव्हा तोंड उतरलेलं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही तेच. आणि नरसम्माकडेही, ती स्वतःच.

यांनी डब्याचं झाकण उघडून पावडर हुंगली. खोकला येईपर्यंत हुंगली. पावडर चांगली आहे म्हणाले.

शु. ९, गुरुवार

गंगव्वा पहाटे गेली. परवा-परवा माझ्याशी बोलत होती.

पेठ म्हणते पावडरीनंच झालं. यांची बादली कुणी तरी फोडली. वाणी तोंडावर म्हणाला, "देवाचा आड राखला म्हणून तेवढा तरी आसरा हाय." हे घरोघर विचारत हिंडताहेत, पाणी कुठलं प्यालात? सगळ्यांचं एकच उत्तर, तुमच्याच पावडरीचं की.

सा. बा. रोज देवळातून तीर्थ आणतात आणि आजारी माणसाच्या तोंडात घालून येतात. त्यांचा जीव मोठा, सत्तरीला आल्यात पण घाबरत नाहीत. कमळला दिल्याशिवाय मात्र घराबाहेर पडत नाहीत. आज मलाही देत होत्या, मी विटाळशी, म्हणून नाही.

कसली तरी धास्ती वाटते. कुत्री दिवसभर गप्प आहेत, का माझेच कान बसलेत कोण जाणे.

शु. १०, शुक्रवार

लिहू की नको. लिहिते.

यांनी ओसरीवर खडूने पेठ काढली. आडांना गोल, आजारी घरांना फुल्या. माझ्याशी बोलत होते की स्वतःशीच, कळेना. "एकाही आडाशी मेळ बसत नाही. फुल्या चहूकडे. बरं, नरसम्मा तर आपल्या पेठेचं पाणी शिवत नाही. तिला मळ्यातलं. मग तिला कुठून?"

मी दाराशी बसून कालचा तीर्थाचा तांब्या चिंचेने घासत होते. विटाळात देवाचं भांडं घासू नये, पण सा. बा. दुसरा तांब्या घेऊन देवळात गेलेल्या, बघायला कोणी नव्हतं. बुडाला काळा गाळ होता, बोटाला लागला. म्हटलं, अहो, तिला सोमवारी मी दिलं होतं.

"काय?"

तीर्थ.

यांच्या हातातला खडू तसाच राहिला. म्हणाले, "सगळ्यांना पाणी विचारलं मी. तीर्थ कुणी सांगितलंच नाही." कोण सांगणार? मला विचारलं असतं तर मीही सांगितलं नसतं. तीर्थाला पाणी म्हणतं कोण? मग म्हणाले, "मीही घेतलं की." आणि मग, "कमळने..." डबा उचलून अनवाणीच धावले.

गुरव या वेळी आडवा आला नाही. पायरीवर बसून होता म्हणे. "टाका साहेब. काय टाकायचं ते टाका." दोर त्यानेच धरला.

सा. बा. देवळातच होत्या. त्यांच्या हातातला भरलेला तांब्या यांनी घेतला आणि त्यांच्यासमोर गटारीत ओतला. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. "देवाला विष घातलंस रे. माझ्या पोटचा असून." जेवल्या नाहीत. मला दोघांचीही दया येते, आणि दोघांचाही राग येतो. तडजोड कशाला केली? आणि मी तरी त्या दिवशी आमटी वाढत हसत का होते?

शु. ११, शनिवार

कमळ सकाळी ठीक होती. वेणी घालून घेतली, बाळाच्या कुंचीला कुठला रंग घ्यायचा ते बोलली. हिरवा म्हणते. मी मनात देवाला हात जोडले, मग कोणत्या देवाला जोडले याचा विचार आला आणि सोडून दिला.

दुपारी म्हणाली पोटात गुडगुडतंय. वरईचा भात बाधला असेल. परसात गेली. थोड्या वेळाने परत गेली. भिंतीला धरून आली. "काही नाही गं आई, तू उगीच तोंड नको करूस तसं."

हे डॉक्टरांना आणायला टांगा घेऊन गेलेत. जाताना यांनी स्वतःच्या पोटावर हात दाबला होता, मी पाहिलं. विचारलं तर "चल, कमळकडे बघ" म्हणाले.

सा. बा. उठल्या, देवघरापाशी गेल्या. पंचपात्र उचललं, तसंच खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं ते पाणी दे तिला." एवढंच.

विटाळ असून परसातल्या आडाचं शेंदून आणलं. कालच पावडर घातलेली, वास भपकन माझ्या नाकात गेला. कमळने नाक मुरडलं नाही. तांब्या एका दमात रिकामा केला आणि हात पुढे केला, "अजून दे."

दिलं. तेही प्याली. पुन्हा मागते आहे. टांगा अजून येत नाही.