‘ओडी’ला मराठीत काय म्हणायचं?

८ जानेवारी २०२५, बुधवार

डोकं उठलंय! बावीस मिनिटांचा पिक्चर, त्याचं मराठी डबिंग, आणि सकाळपासून एका शब्दाच्या पुढं गाडी सरकलेली नाही. एका!

पिक्चर तावोंगाचा. आफ्रिकेतल्या मलावीचा पोरगा, इथं कोल्हापूरला विद्यापीठात मास कॉम शिकतो. सुट्टीत गावी गेला आणि आजीवर पिक्चर काढून आला. फिल्म सोसायटी ‘आफ्रिकेचे स्वातंत्र्य आणि सिनेमा’ म्हणून खेड्यापाड्यांत पडदे लावणार आहे. पहिला खेळ शिरोळला — माझ्या गावात! खालच्या इंग्रजी ओळी तिथं वाचणार कोण? म्हणून डबिंग, म्हणून माझा स्टुडिओ, म्हणून ही डोकेदुखी.

गोष्ट एवढीच. देश स्वतंत्र झाला, गोरा साहेब गेला, आणि चार-पाच वर्षांत त्यांच्याच सरकारनं यांची टुंबुका भाषा रेडिओवरून काढून टाकली. आजीच्या घरातला रेडिओ त्या दिवसापासून तिच्याशी बोलायचा थांबला. पण ही बाई रोज संध्याकाळी रेडिओसमोर उभी राहते आणि म्हणते, ‘ओडी!’ थोडं थांबते. मग चुलीकडं जाते.

‘‘ओडी म्हणजे काय रे?’’

‘‘दुसऱ्याच्या दारात उभं राहून म्हणायचं, मामा. आतला माणूस म्हणतो ओडीनी. मग आत जायचं.’’

‘‘मग ‘आत येऊ का’ लिही की!’’

‘‘न्हाय. तसलं न्हाय.’’

न्हाय! मराठी शिकलाय मेसच्या बायडाबाईकडून. माझ्या स्टुडिओच्या दारावर पाटी आहे — आत ‘हाय-न्हाय’ चालणार नाही. लग्नात भोंगे बांधत बांधत इथवर आलो ते दोन कानांवर आणि ‘आहे-नाही’वर. आणि हा मलावीहून येऊन मलाच बायडाबाई ऐकवतोय!

१० जानेवारी, शुक्रवार

विजयसिंह सर येऊन गेले. सोसायटीचे अध्यक्ष, रिटायर प्राध्यापक. पिक्चर बघितला, चष्मा पुसला. म्हणाले, ‘‘उत्तम. पण यात ढोल कुठं आहेत?’’

‘‘आजीकडं ढोल न्हाईत, सर. कोंबड्या हायत.’’

‘‘आणि गोरा? स्वातंत्र्याचा पिक्चर आणि एकही गोरा नाही? मग लढा कुणाशी?’’

‘‘गोरा गेलता, सर. त्यो गेल्यावरच की हे झालं.’’

मी चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर पळालो. हसू आवरेना. टीव्हीवरच्या मालिकेत कोल्हापूरचा माणूस मिशी आणि करकरती चप्पल घेतल्याशिवाय दारात येत नाही, तेव्हा हेच सर पेपरला पत्र लिहितात! आणि आफ्रिका म्हटली की यांना ढोल पाहिजे.

१३ जानेवारी, सोमवार

आज शिवलीला आली. आजीचा आवाज तिचाच द्यायचा ठरलाय. गडहिंग्लजच्या पलीकडची, घरात निम्मं कन्नड. पहिल्यांदा आली तेव्हा वाक्यागणिक ‘की’ आणि ‘न्हाय’. मीच घासून घासून काढलं. आता बँकेच्या जाहिरातीत ऐकून लोक विचारतात, पुण्याच्या का बाई?

तर तावोंगाचं नवीन! म्हणे आजीनं शिरोळच्या म्हातारीगत बोलायचं. ‘‘मामा, राजधानीतली माणसं आजीच्या बोलण्याला हसत्यात. ती रेडिओच्या बाईगत बोलली तर पिक्चर उलटा झाला की. ज्यांनी तिला गप केलं, त्यांच्याच आवाजात ती बोलणार?’’

मुद्दा बिनतोड. म्हणून तर जास्त राग आला.

शिवलीला म्हणाली, ‘‘गावरान पाहिजे होय? देते की!’’ आणि मारला एक फटका — ‘‘अगं बया बया, कोन हाय का न्हाय घरात!’’ कमरेवर ठेवलेला हातसुद्धा ऐकू येत होता. मी हसलो. चहावाला हसला. तावोंगा नाही हसला.

‘‘ही आजी न्हाय. ही आजीची टिंगल करती.’’

शिवलीला भडकली. ‘‘अण्णा, ह्याला मराठी येतं केवढं आणि मला शिकवतोय!’’ मग हेडफोन काढता काढता खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘गावरान म्हटलं की सगळे असंच करून घेतात की माझ्याकडून.’’

खोटं नाही. या काचेच्या खोलीत आपली बोली आली ती एक विनोदाला, नाहीतर खताच्या जाहिरातीला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड कुणीच बोललं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरांचा फोन. ‘‘बाळासो, मुक्तीचा विचार आहे हा. प्रमाण भाषेतच शोभतो. खेड्यात लोक हसतील.’’

तावोंगाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग दाखवू नका. आजीला सांगून आलोय, तुला दुसऱ्याच्या तोंडानं बोलू देणार न्हाय. आमचा झेंडा आला, मामा, पण आमची जीभ आमच्याच लोकांनी काढून घेतली. हितं पण तेच करू?’’ आणि पिशवी उचलून चालता झाला. तिळगुळाची पुडी तशीच टेबलावर.

दोघांचाही राग येतोय. सरांचा जास्त, कारण त्यांची भीती खरी आहे. आयुष्यभर जत्रेत भोंगे लावलेत मी. आपलीच बोली भोंग्यातून आली की आपलेच लोक हसतात. कारण भोंग्यातून ती येते तीच मुळी हसवायला.

२१ जानेवारी, मंगळवार

तावोंगाला मीच फोन करून बोलावलं. कळंब्याला स्टुडिओवर ये म्हटलं. म्हणाला, ‘‘आत का भाईर?’’ कळंबा जेलचा हा जोकसुद्धा शिकवलाय बायडाबाईनं!

आला, आणि शिवलीलाच्या हातातली स्क्रिप्ट काढून घेतली. ‘‘अक्का, तुमच्या आईच्या घराला कडी असती?’’

‘‘दिवसा कोण कडी लावतंय?’’

‘‘मग शेजारीण आली की काय म्हणती?’’

ती उठली, काचेच्या खोलीतून बाहेर गेली, स्टुडिओच्या दाराबाहेर चप्पल काढून उभी राहिली. मी आपला माईकची वायर ओढत मागोमाग. दार अर्धं उघडं. माझी पाटी बरोबर तिच्या नाकासमोर.

‘‘आत कोन हाय काऽ?’’

एवढंच. हळू. शेवटचा ‘का’ लांब, थोडा वर गेलेला. हातात ताकाचं भांडं घेऊन आलेल्या बाईसारखा.

दाराची करकर आली होती. कुणीतरी बाहेर हॉर्न मारला होता. एरवी दहा वेळा रिटेक घेतला असता. आज तसाच सेव्ह केला.

तावोंगा तोंड फिरवून उभा होता. शिवलीला म्हणाली, ‘‘अण्णा, आता उत्तर कोण देणार?’’

म्हटलं, कुणी नाही. पिक्चरमध्ये कुणीच देत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

सर ऐकेनात. शेवटी शिवलीलाकडून त्यांचंही करून घेतलं — ‘‘आत कुणी आहे का?’’ स्वच्छ. एक खोट नाही. दारात कुरियरवाला आल्यासारखं वाटतं!

आता लॅपटॉपवर दोन्ही तयार. सर रविवारी शिरोळच्या खेळाला पहिल्या रांगेत बसणार. तावोंगा म्हणाला, ‘‘मामा, बटण तुमच्या हातात हाय. दुसरं वाजलं तर मी प्रोजेक्टरची वायर काढणार.’’ हसत म्हणाला, पण काढेल.

आणि गाव माझं. तिथं मला अजून ‘भोंग्या बाळू’ म्हणतात. माझ्याच भोंग्यातून, माझ्याच गावात, त्या म्हातारीला लोक हसले तर या पोराला काय तोंड दाखवू? सरांचं लावलं तर कुणी हसणार नाही. टाळ्या वाजवतील, घरी जातील. सुखाचं काम.



२६ जानेवारी, शिरोळ

दाराचंच लावलं.

पैल्यांदा आजी बोलली तवा कडंची पोरं फिस्सदिशी हसली. दुसऱ्या टायमाला कमी. तिसऱ्याला एकबी न्हाय. शेवटाला म्हातारी रेडिओम्होरं हुबी ऱ्हायली. ‘‘आत कोन हाय काऽ?’’

रेडिओ गप.

आन् कोन तरी मोठ्यांदा वरडलं — ‘‘हाय कीऽ! या की आत!’’

कोन म्हनून मागं बगिटलं. मागं नुसती शाळंची भिंत, मानूस न्हाय. सगळी माझ्याकडंच बगत हुती.