ऑक्सिजनला धातू म्हणणाऱ्या भावास

मार्च १९८९

प्रिय अरू,

काल मुलुंडच्या वाचनालयात तुझं व्याख्यान झालं. तू नव्हतास, म्हणून मी दिलं. कसं झालं हे तुला दुसरं कोण सांगणार? म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यावर तिथले कार्यवाह घरी आले होते. "ताई, त्याच्या व्याख्यानाच्या दिवशी शोकसभा ठेवू या." मी म्हटलं, "शोकसभा नको. त्याने भाषण लिहून ठेवलंय, ते मी वाचते. रसायनशास्त्राची पदवीधर आहे मी, जुनी असले तरी." बिचारे अर्धा चहा टाकून गेले!

पण वाचायला घेतलं आणि तुझा असा राग आला! ऑक्सिजन, नायट्रोजन, सरसकट सगळे 'धातू'. मागच्या दिवाळीत यावरूनच आपलं वाजलं होतं ना?

"ऑक्सिजन धातू? मग नाकात गंज कसा धरत नाही रे?"

"ताई, आम्हा खगोलवाल्यांत हायड्रोजन आणि हेलियम सोडले तर सगळे धातूच. ताऱ्यांच्या पोटात शिजतात ते."

"मराठीत नाही चालणार."

"चालेल गं, तू चालवशील."

मग सोलकढीच्या पातेल्यात, नारळाच्या दुधात मधोमध कोकमाचं आगळ ओतलंस आणि मला ढवळू दिलं नाहीस. "ही साधी सर्पिल दीर्घिका, ताऱ्यांचा मोठा भोवराच म्हण. धातू मध्ये जास्त, कडेला कमी." नंतर डाव आडवा धरून फिरवलास. "आणि ही मधोमध ताऱ्यांचा दांडा असलेली. दांडा फिरतो, वायूला कुठे आत ओढतो, कुठे बाहेर ढकलतो. मग मधला आणि कडेचा फरक पुसट होतो." अर्धं दूध ओट्यावर. पुसलं कोणी? मी.

काल हे सगळं सांगितलं, पातेल्याशिवाय. तो शब्द खोडायला सकाळी पेन्सिल घेतली होती. हात चालला नाही. शब्द उच्चारला मात्र, पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. "बाई, ऑक्सिजन धातू कधीपासून झाला?"

अगदी माझाच प्रश्न! मी म्हटलं, "आकाश बघणाऱ्यांच्या बोलीत झाला. व्याख्यान त्याचं आहे, शब्दही त्याचाच राहील. बसा." बसले.

शेवटी शेजारच्या मालूताईंनी विचारलं, "आपल्या आकाशगंगेत आहे का हो असा दांडा?" तुझ्या भाषणात नव्हतं. एवढं का नाही लिहिलंस रे? आणि मीही तुला कधी विचारलं नाही! "माहीत नाही," म्हणाले, "शोधून सांगते."

आज खालच्या वाण्याकडून तुझ्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "शंका आहे, पण खात्री नाही. आपण आतच बसलोय ना ताई, बाहेरून बघता येत नाही."

ठीक आहे, शोधू देत त्यांना. दर महिन्याला फोन करून विचारीन. उत्तर आलं की आधी मालूताईंचं दार वाजवीन, मग तुला लिहीन. तोवर मी कुठेही जायची नाही, समजलास?

तुझी,
ताई