जाळीच्या गंजीचं जाळं

आई, आज तुझ्या लेकीनं स्वतःच्या दारावर, स्वतःच्या हातानं कोळ्याचं जाळं टांगलं. ऐकून कपाळावर हात मारू नकोस, आधी पुरतं ऐक. इथं पुण्यात आमच्या सोसायटीतली पोरं एका संध्याकाळी भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. हॅलोविन म्हणतात त्याला. नातीनं त्यासाठी ताणली जाणारी पांढरी जाळी आणली आणि मला विचारलं, "आजी, तुला जमेल का गं?" मी म्हटलं, बयो, न जमायला काय झालं? कात्रीनं चिरा पाडल्या, कोपरे चौकटीला बांधले आणि जाळी ओढत बसले. ओढता ओढता मनानं माहेरी अणदूरला कधी पोचले, कळलंच नाही.

तुझ्या घरात कोळ्याला एक रात्रसुद्धा मुक्काम करायची मुभा नव्हती. घट बसायच्या आधी तर तू आढ्यापर्यंत केरसुणी फिरवायचीस. "जळमटाच्या घरातनं लक्ष्मी उंबऱ्यावरनंच माघारी फिरती," म्हणायचीस. आणि नेमकं तुझ्याच पोरीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये जळमटातल्या कोळिणीचं काम मिळालं. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, शाळा मराठी झाली होती, आणि नव्या बाईंनी हौसेनं नाटक बसवलं होतं. एका आळशी बाईच्या घरात कोळीण राज्य करते, शेवटी दिवा येतो आणि ती पळून जाते, एवढीच गोष्ट. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "दुसरं शुभ काय घावलं न्हाय व्हय तुमच्या बाईला? म्या न्हाय येनार असलं सोंग बघायला." तू एकदा बोललीस की झालं. मला लई वाईट वाटलं. सगळ्यांच्या आया पुढं बसणार आणि माझी तेवढी नाही.

दुकानात जाऊन वडलांपुढं, आपल्या दादांपुढं रडले. दादा सोलापुरी जाळीची गंजी घालून गादीवर बसायचे, ते तुला आठवत असेल. अशा दोनच गंज्या, एक अंगात आणि एक दोरीवर. दादांनी दोरीवरची आणली, उभी फाडली, आणि आम्ही दोघं गुळाच्या ढेपांमागं बसून ती ताणत राहिलो. मग तिला चुलीतली राख चोळली, म्हणजे जुनं वाटावं. "तुझ्या आईला सांगू नको," दादा म्हणाले, "न्हाय तर ती जाळ्यासंगट मलाबी झाडून काढंल."

गॅदरिंगच्या दिवशी सकाळीच आम्ही ते जाळं शाळेच्या व्हरांड्यात, स्टेजच्या कोपऱ्यात टांगलं. दिवस कलताना मी बाईंबरोबर परत आले, तर स्टेजवर सडा घातलेला, कडेनं रांगोळीची रेघ, आणि मधे तू. पदर खोचलेला, हातात केरसुणी, चेहऱ्यावर केवढं समाधान. कोपरा रिकामा होता. "बघ, कसं लख्ख केलं," तू म्हणालीस. "केवढं जळमट होतं गं. बाहेर चहाला चूल पेटवलीय, तिच्यात घातलं." तुला जवळचं धड दिसत नव्हतं, आणि राख तर आम्हीच चोळलेली. मी ओरडले, "तू मुद्दाम केलंस." तुझा चेहरा एकदम उतरला. हळूच म्हणालीस, "अगं, तू हुबी ऱ्हानार व्हतीस तिथं. तुझ्या तोंडावर पडलं असतं." त्या वेळी मला ते कळलंच नाही. येणार नाही म्हणणारी माझी आई सगळ्यांच्या आधी आली होती, आणि माझी जागा झाडत होती.

तेवढ्यात दादा कंदील घेऊन आले. काय झालं, आणि ते जाळं दादांच्या गंजीचं होतं, हे बाईंनी सांगितलं. तू दादांकडं वळलीस. "ती गंजी काढा."

"आत्ता? चारचौघांत?"

"पडद्यामागं जावा की. सदरा हाय न्हवं अंगात?"

दादा मुकाट्यानं गंजी काढून आले. तू ती स्वतः फाडलीस. एक टोक माझ्या हातात दिलंस, दुसरं तू धरलंस. सगळी जाळी ताणून झाल्यावर चुलीतली राखही तूच आणलीस. "देवा, आजच्या दिवस माफ कर," असं पुटपुटत होतीस आणि चोळत होतीस. मला हसू आलं, तसं तुलाही आलं. नाटकात दिवा आला, मी किंचाळत पळाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थंडीत नुसत्या सदऱ्यावर बसलेल्या दादांनीही वाजवल्या. तू पुढंच बसली होतीस, पण टाळ्या वाजवल्या नाहीस. तुझी नजर वर, जाळ्याकडं होती, ते माझ्या अंगावर पडतंय की काय म्हणून.

हॅलोविन झालं, पोरं खाऊ घेऊन गेली. आता दिवाळी तोंडावर आलीय आणि सून रोज विचारते, "आई, काढायचं का ते?" मी रोज उद्यावर ढकलते. तू गेलीस तिथला पत्ता नाही, त्यामुळं हे पत्र टाकता येत नाही, पण तुला म्हणून सांगते. केरसुणी मी दाराशीच ठेवलीय. तुझ्या लेकीच्या डोक्यावर जळमट लोंबतंय म्हटल्यावर तुला राहवणार नाही, असं मला अजून वाटतं.