शेमी डाऊन, ओ रेमी डाऊन

फुलसावंगी, ६ जानेवारी २०२५

ती. शीलाबाईस,
धाकट्या राजकुमारचा शि. सा. न.

तू फोन करतेस अन् मी नुसता हो हो म्हणतो, पण मले आता फोनवर काहीच समजत नाही. म्हणून हे पत्र. डावा कान पुराच गेला. उजवाही जाऊन राह्यला. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा, बोलणं ऐकू येईल, पण गाणं डब्यात वाजल्यासारखं लागंल. बाकी तूर सोंगून झाली, तुही भावजय बबिता बरी आहे.

आता हसू नको. मले ते गाणं एकदा ऐकाचं आहे. मामाच्या जीपमधल्या कॅसेटवालं इंग्रजी. गिटार किंचाळे, अन् ढोल असा वाजे का सीटखाली धक्के बसत. "शेमी डाऊन, ओ रेमी डाऊन." कॅसेटची पट्टी तुटली तवापासून मीच ते म्हणत आलो. वावरात डवरणी करताना, पोरीले झोपवताना, आपल्या मायले, याडीले, दवाखान्यात नेताना. कोणाचं गाणं आहे ते? तुह्या पोरीले, प्रेरणाले म्हण, मोबाईलमध्ये शोध.

लोभ आहेच, पण एका कानाच्या भावावर थोडा जास्त कर.
तुहा राजकुमार

आर्णी, १८ जानेवारी

चि. राजकुमार यास अ. उ. आ.

तुझ्यापायी प्रेरणाने नागपूरहून फोनवर सांगून या वयात मला मोबाईलसमोर गुणगुणायला लावलं. मोबाईलने एक भजन काढून दिलं! माझा सूर तसाच आहे म्हणे.

मग मी भुरीबाई मामीला विचारलं. ती म्हणाली, ती कॅसेट मामाने विकत घेतलीच नव्हती. यवतमाळला शिकणारी चार पोरं गिटार-ड्रम घेऊन पुसदच्या कार्यक्रमाला त्याच्या जीपमधून गेली होती, त्यांची राहिली. त्यातला एक आर्णीचा सदाशिव. अरे, हे आपले फवारणी पंपांच्या दुकानाचे सदाशिवराव! मी इतकी वर्षं त्यांच्याकडून पंपाचे वॉशर आणते.

मी लगेच दुकानात गेले. ते आधी लाजले, मग पोट धरून हसले. गाणं त्यांचंच. पण त्याला अर्थ काहीच नाही म्हणाले. चौघांनाही धड इंग्रजी येत नव्हतं, रेडिओवर ऐकलं तसे आवाज जुळवले. दुसरी कॅसेट त्यांच्याकडेही नाही. तुला भेटायचं म्हणतात.

मी उद्या प्रेरणाच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघते. तू जाऊन ये.

मोठ्या बहिणीची माया आहे तशीच राहील.
शीला

फुलसावंगी, २४ जानेवारी

ती. शीलाबाईस शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं. अर्थच नाही? मले वाटे, रेमी हा गाणाऱ्याचा भाऊ असंल, डोंगरावर अडकला असंल, अन् हा त्याले खाली ये म्हणत असंल. डाऊन म्हणजे खाली, एवढं तर मले येते. पोरीले मी हीच गोष्ट सांगितली.

कॅसेटही नाही, मंग जाऊ कायले? ज्याचं गाणं त्यालेच ऐकवू? लाज वाटते बाई. प्रेरणाची खुशाली कळव.

रागावली तरी आपला म्हण.
राजकुमार

नागपूर, १ फेब्रुवारी

चि. राजकुमार यास अ. उ. आ.

आपल्या प्रेरणाला मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. वेड्या, सदाशिवरावांचा मला फोन आला होता, भाऊ कधी येतात म्हणून. चाल त्यांच्या गिटारवाल्या मित्राची होती. तो मागच्या वर्षी वारला. त्यांना स्वतःला पहिल्या ओळीपुढचं आठवत नाही. ते गाणं आता फक्त तुझ्यापाशी आहे. जा.

आशीर्वाद पाठीशी आहेत, पाय तेवढे तू उचल.
शीला

फुलसावंगी, ९ फेब्रुवारी

ती. शीलाबाईस शि. सा. न. प्रेरणाले अन् बाळाले आशीर्वाद.

काल गेलतो. दुकानात गिऱ्हाईक होते, म्हणून सदाशिवरावांनी मले मागच्या गोदामात नेलं. पिकलेले केस, पण बोटं गप बसत नाहीत. मी डोळे मिटून सुरुवात केली. त्यांनी एक रिकामा ड्रम उलटा केला अन् वाजवू लागले. मले नीट ऐकू येईना, तर मी ड्रमवर हात ठेवला. ठोका हातातून खांद्यापर्यंत चढला. दुसऱ्या कडव्याले ते रडत होते. मित्राची याद आली असंल, मी विचारलं नाही.

मंग मी थांबलो, कारण गाणं तिथंच संपते. ते मात्र थांबले नाहीत. एकाएकी पुढचं म्हणू लागले! त्यांचे तेच चकित. मी गडबडून उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला. बाई, तिथं कॅसेट संपत होती, गाणं नाही! पुढं अजून एक कडवं आहे, हळू, ढोलाबिगर, अंगाईवाणी. एवढ्या वर्षांत मले त्याचा पत्ताच नव्हता.

पाठ होईपर्यंत मी त्यांना म्हणायले लावलं. आज सकाळपासून तेच म्हणून राह्यलो, बबिता वैतागली आहे.

तुले लिहून नाही कळवत. बाळाले घेऊन ये, तुम्हाले दोघांलेही सोबतच ऐकवतो. वाट पाहून राह्यलो.
तुहा राजकुमार