चौथं शिंग

सोमवार, २ मार्च
प्रयोगशाळा, सकाळचे साडेअकरा

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींना विचारलंय म्हणून सांग. इकडे सगळं नेहमीप्रमाणे.

हे पत्र तलावावरचा होडीवाला तात्या आणून देईल. तो तुमच्याच गल्लीत राहतो, त्यामुळे पत्ता विचारत बसणार नाही. सकाळपासून तुला अकरा वेळा फोन केला. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, हे विसरलेच होते. वर्षभराने पत्र, तेही हातोहात, म्हणून घाबरू नकोस.

नाही, घाबर. मी घाबरलेच आहे. सरळ लिहायला गेले की वाक्य पुरं होत नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते. कंटाळा आला तरी वाच. ‘तुझं शेवाळपुराण’ म्हणून बाजूला टाकू नकोस.

तुला ठाऊक आहे, दर सोमवारी तात्या तलावातून बाटली भरून आणतो आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातलं शेवाळ मोजते. चित्र काढते, आकडा लिहिते, शेवटच्या रकान्यात शेरा. ऋतू बदलला की चित्र बदलतं. पाणी गार असतं तोवर चांदण्या: काचेच्या काड्या टोकाला टोक लावून जमलेल्या. पाणी तापलं की त्या विरळ होतात, तळाला जातात. मग शिंगाळी दिसते. एका पेशीचा जीव, गार पाण्यात तीन शिंगं, ऊब लागली की चौथं फुटतं. तिच्या मागोमाग निळसर मणीमाळा येतात. थंडीभर त्यांची जाड सालीची बीजं गाळात झोपलेली असतात. पाणी तापलं आणि वारा पडला की उगवतात आणि हवेच्या फुग्यांवर तरंगत वर येतात.

या माळांतल्या काही विषारी असतात. कुठल्या, ते नुसतं बघून कळत नाही. पाणी उकळून ते विष जात नाही, आणि क्लोरीनने पेशी फुटल्या तर पोटातलं सगळं पाण्यात उतरतं.

म्हणून चौथं शिंग दिसलं की मी लाल रेघ मारते, आणि नळाला जाणारं तलावाचं पाणी वरच्या तोंडाऐवजी, माळा पोचत नाहीत अशा खालच्या तोंडातून घेतात. चौदा वर्षं ही रेघ एप्रिलमध्ये पडली. यंदा फेब्रुवारीतच पंखे लागले, तुमच्याकडेही लागले असतील.

आज सकाळी तात्या बाटली ठेवत म्हणाला, “बाई, तलावावर कुणी रंग सांडलाय का हो? होडीच्या कडेला चिकटतोय.”

मी बघितलं. सगळ्या चौशिंगी. आणि माळाच माळा, जुन्या फोनच्या वायरीसारख्या वेटोळ्या घातलेल्या. ताई, हे एका आठवड्यात होत नाही.

आता खरं. जानेवारीपासून माझ्या उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक डाग आहे. ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच शब्द गायब होतो. डावा तू लहानपणी चेंडू मारून अधू केलास, तो जेमतेम कामाचा. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर साहेबांनी मला सूक्ष्मदर्शकावरून उठवलं असतं, आणि मला दुसरं येतंय काय?

गेल्या दोन सोमवारी मोजता येईना. मी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं, त्याच आठवड्याचं पान उघडलं, चांदण्या उतरवून घेतल्या. शेरा लिहिला, ‘नेहमीप्रमाणे’. वाटलं, फेब्रुवारीत दुसरं काय असणार आहे? आज मात्र इतकं दाट होतं की डागाच्या कडेनेही दिसलं.

डायलिसिससाठी भावोजींच्या हातावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी आले नव्हते, कारण त्या दिवशी मोजणी होती. तू म्हणालीस, “तुला माणसांपेक्षा तुझं शेवाळ मोठं.” तेव्हा मी भांडले. जी मोजणी तुझ्यासाठी चुकवली नाही, ती डोळ्याची लाज वाटली म्हणून चुकवली.

भावोजींच्या डायलिसिसला हेच तलावाचं पाणी लागतं. पिताना ते पोटात जातं, तिथे मात्र रक्ताच्या शेजारून वाहतं, एका वेळी पिंपभर. दवाखान्याची गाळणी चांगली असेलही. पण त्या पैजेवर मला भावोजी लावायचे नाहीत.

दवाखान्यात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, “तुमच्याच रजिस्टरची नक्कल आमच्याकडे आहे, बाई. दोन्ही आठवडे नेहमीप्रमाणे लिहिलंय. मग?” माझाच शब्द माझ्या तोंडावर मारला. मी म्हटलं, “ते खोटं आहे. मी न बघता लिहिलंय.” त्याने फोन डॉक्टरबाईंना दिला. म्हणाल्या, सहीनिशी लिहून द्या, आल्याबरोबर यंत्रं थांबवते. लिहून दिलं. साहेबांनाही दिलं. त्यांनी खालचं तोंड उघडायला माणूस पाठवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नमुना तपासणीला गेलाय, विष आहे की नाही ते चार दिवसांनी कळेल.

तात्याकडे दोन पाकिटं देतेय. दवाखान्याचं आधी द्यायला सांगितलंय, तिथे सहा खुर्च्या आहेत. पुन्हा तुझा नंबर दुसरा लागला. राग धर, तुझा हक्कच आहे.

उद्या भावोजींना तिथे नेऊ नकोस. पण डायलिसिस चुकवायचंही नाही. पुलापलीकडच्या दवाखान्यात विहिरीचं पाणी आहे. तिथल्या नर्सशी बोलले, सकाळी अकराची वेळ ठेवलीय. जुने कागद घेऊन जा आणि हे पत्र तिथल्या डॉक्टरांना दाखव. लपवू नकोस.

आणखी एक आहे. इतका वेळ तेच टाळत होते. तात्या जाता जाता सहज म्हणाला, “शुक्रवारी तुमचे भावोजी रिक्षातून उतरले आणि पायरीच दिसली नाही त्यांना, ठेचकाळले. नंतर उलट्या करत होते म्हणे.” डायलिसिसनंतर रक्तदाब उतरला तरी असं होतं. मी स्वतःला तेच सांगतेय. पण या विषानेही अशीच सुरुवात होते, आधी डोळ्यांसमोर अंधारी येते. डॉक्टरांना हे आवर्जून सांग.

वर दुसऱ्याच ओळीत ‘सगळं नेहमीप्रमाणे’ लिहिलंय. हात सवयीने गेला. खोडत नाही, आता कुठलंच पान बदलायचं नाही. पण ते खरं नाही.

उद्या संध्याकाळी तुमच्या दाराशी येते. दार उघडू नकोस हवं तर. फक्त आतून ओरडून सांग, भावोजींना नीट दिसतंय ना.

तुझी,
शेवाळी